पीसी म्हातारा नाही, त्याची डिस्क दमलीय!

कोपऱ्यातल्या टेबलावर, प्लास्टिकचं कव्हर घातलेला, वर औषधाच्या बाटल्या नाहीतर जुनी कॅलेंडरं ठेवलेला एक डेस्कटॉप तुमच्याही घरात असेल. दादानं किंवा ताईनं एमएससीआयटी केलं तेव्हा घेतलेला. बटण दाबायचं, चहा ठेवायचा, चहा पिऊन यायचं, तरी स्क्रीनवर ते गोल गोल फिरतंच असतं. आई विचारते, ‘‘काय करायलास रे मघापासून?’’ उत्तर ठरलेलं, ‘‘चालू व्हायलंय अजून!’’

आता वाट बघण्यात आपला बीड जिल्हा कुणाला हार जाणारा नाही. रेल्वेची वाट बघण्यात आपल्या आजोबांची आणि वडिलांची पिढी गेली, आणि बीडहून अहिल्यानगरला गाडी सुटायला २०२५ चा १७ सप्टेंबर उजाडावा लागला. पण रेल्वे आणणं आपल्या हातात नव्हतं. घरातला पीसी आहे.

आणि ही वाट फुकटची नसते. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचाय, उत्पन्नाचा दाखला स्कॅन करून २५६ केबीच्या आत बसवायचाय, शेवटचा दिवस आहे. घरचा पीसी फाइल उघडेपर्यंत साइटचं सेशन संपून जातं. मग गाडीला किक मारायची, तालुक्याला जायचं, नेट कॅफेत नंबर लावायचा. जाण्यायेण्याचं पेट्रोल, फॉर्मचे पैसे, वर आपला ओटीपी आणि पासवर्ड दुसऱ्याच्या पीसीवर टाकायचा. टायपिंगची जीसीसी-टीबीसी द्यायचीय, तर मराठी ३० चा सराव घरी होत नाही, कारण आपण पुढं आणि अक्षरं मागं. टायपिंग क्लासमध्ये मिळतो तेवढाच वेळ.

अशा वेळी घरात एकच विषय निघतो, नवीन लॅपटॉप. हप्त्यावर. आपल्याकडं ‘उचल’ म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. आधी पैसे अंगावर घ्यायचे आणि मग सहा महिने ते फेडत ऊस तोडायचा. लॅपटॉपचा ईएमआय हीसुद्धा एक उचलच आहे, फक्त मुकादमाच्या जागी फायनान्सचं ॲप आहे. गरज असेल तर घ्या, माझं काही म्हणणं नाही. पण ती सही करण्याआधी एक गोष्ट तपासा. तुमचा पीसी खरंच संपलाय, की त्यातला फक्त एक भाग रस्ता अडवून बसलाय? दहा-बारा वर्षं जुन्या बहुतेक पीसीत दुसरीच गोष्ट असते. त्या भागाचं नाव हार्ड डिस्क, आणि तिच्या जागी बसते ती एसएसडी, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह.

आधी नाडी बघा

पैसे खर्च करण्याआधी फुकटची तपासणी. पीसी चालू करा आणि अगदी स्लो चालत असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने दिसतील. आता नुसतं बघत बसा. डिस्कच्या डोक्यावर ९८ टक्के, १०० टक्के असं लाल-केशरी दिसतंय आणि सीपीयू मात्र १०-१५ टक्क्यांवर निवांत बसलाय? मग निदान झालं. प्रोसेसरला कामच मिळत नाहीये, डिस्क त्याला माल पोचवत नाहीये.

उलटं असेल, म्हणजे सीपीयूच १०० टक्क्यांवर आणि डिस्क रिकामी, तर एसएसडी टाकून फार काही होणार नाही. आणि मेमरी ९० टक्क्यांच्या वर चिकटलेली असेल तर रॅमकडंही बघावं लागेल. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कचाच तुकडा रॅम म्हणून वापरायला लागतं. म्हणजे आधीच दमलेल्या बैलावर अजून दोन मोळ्या.

हे कसं होतं ते कारखान्याच्या भाषेत सांगते. समजा साखर कारखान्याची गाळप क्षमता दिवसाला पाच हजार टन आहे. रोलर तयार, बॉयलर तयार, माणसं तयार. पण गेटमधून एका वेळी एकच बैलगाडी आत सोडायची असा नियम केला, तर? कारखाना क्षमतेचा असून उपाशी. बाहेर गाड्यांची रांग, आत रोलर मोकळे फिरतायत. तुमचा जुना आय-थ्री प्रोसेसर हा तो कारखाना आहे. हार्ड डिस्क हे ते गेट.

हार्ड डिस्कच्या आत चकत्या असतात आणि त्यांच्यावरून एक बारीक दांडा सरकतो. रेकॉर्ड प्लेअर आठवा (न पाहिलेला असला तरी सिनेमात पाहिलाच असेल). डेस्कटॉपच्या डिस्कची चकती साधारण मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२०. ऐकायला प्रचंड वाटतं. पण हवी ती फाइल दांड्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, ते झाले चार मिलिसेकंद. त्याआधी दांडा योग्य जागी सरकायला आणखी आठ-नऊ. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जायला बारा-तेरा मिलिसेकंद धरा. म्हणजे सेकंदाला जेमतेम ७५-८० ठिकाणं. आणि विंडोज चालू होताना हजारो बारक्या बारक्या फाइली वाचायच्या असतात, त्याही चकतीभर विखुरलेल्या. करा हिशेब. चहा का होतो ते कळेल.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. चकती नाही, दांडा नाही, मोटर नाही. पेनड्राइव्ह आणि मोबाइलमध्ये असते त्याच जातीची फ्लॅश मेमरी, फक्त जास्त दमाची. कुठल्याही जागेवर पोचायला एक मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. दांडा ७५-८० जागांवर धापा टाकत जातो तेवढ्या एका सेकंदात एसएसडी हजारो जागा वाचून मोकळी होते. गेट तोडून चारपदरी रस्ता केला असं समजा.

गंमत म्हणजे ही दोन्ही तंत्रं आपल्या वाटण्यापेक्षा जुनी आहेत. पहिली हार्ड डिस्क आयबीएमनं १९५६ मध्ये आणली. २४ इंची ५० चकत्या, कपाटाएवढा आकार, आणि मावत होती ५० लाख अक्षरं. आज तुमच्या मोबाइलमधला एक फोटो त्यात बसायची मारामार. फ्लॅश मेमरी जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी शोधली, १९८४ मध्ये जगासमोर मांडली. त्यातला डेटा एका झटक्यात पुसला जातो, ते बघून त्यांच्या सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, म्हणून नाव फ्लॅश. इतक्या मोठ्या शोधाचं चीज आपल्याच कंपनीनं केलं नाही म्हणून मासुओका पुढं कोर्टात गेले आणि २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. म्हणजे इंजिनिअरलाही मोबदल्यासाठी भांडावं लागतं, तेही जपानात.

‘जुन्या बोर्डला चालत नाही’ म्हणे!

दुकानात गेलात की हे वाक्य ऐकायला मिळण्याची शक्यता आहे. त्यात थोडं खरं आहे, बरंचसं अर्धवट. जरा नीट समजून घ्या म्हणजे कुणी गुंडाळणार नाही.

डिस्क आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या पट्टीसारख्या केबलला साटा म्हणतात. तुमच्या जुन्या हार्ड डिस्कला साटा केबल असेल तर अडीच इंची साटा एसएसडी तिथंच बसते. पोर्ट तेच, केबल तीच. फरक आहे तो वेगाच्या पिढीचा. साटा-थ्री या पोर्टवर एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास पळते. २०११-१३ च्या सुमारास असेंबल केलेल्या कित्येक पीसीत इंटेलच्या एच-६१ चिपसेटचा बोर्ड असतो, आणि त्या चिपसेटला साटा-टूच आहे. तिथं हा आकडा अडीचशे-पावणेतीनशेवर अडकतो. दुकानदार म्हणतो ते हे. पण मोठी सलग फाइल कॉपी करताना लागणारा हा वेग आहे. रोजच्या कामात आपल्याला बोचतं ते बारक्या फाइली शोधण्यातलं थांबणं, आणि ते थांबणं साटा-टूवरही जवळजवळ संपतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या घरचा पीसी असाच आहे. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, एच-६१ चा बोर्ड, चार जीबी रॅम. आधी पूर्ण वापरण्याजोगा व्हायला तीन मिनिटांच्या वर घ्यायचा. एसएसडी टाकल्यावर मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बघितलं, अर्ध्या मिनिटाच्या आत. ब्राउझर क्लिक केल्यावर उघडला, म्हणजे खरंच उघडला, ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ न म्हणता. पप्पांना वाटलं नवीन पीसी आणला.

दुकानात मागताना ‘अडीच इंची साटा एसएसडी’ असंच म्हणा. नुसतं एसएसडी म्हटलं तर च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी एम डॉट टू जातीची हातात पडू शकते. ती फार वेगवान असते, पण तिचा खाचा तुमच्या जुन्या बोर्डवर बहुतेक नसणार. जुन्या ‘डीडीआर-थ्री’ रॅमचा बोर्ड असेल तर तो विचार सोडूनच द्या.

किती जीबीची घ्यावी? विंडोज, ऑफिस, ब्राउझर आणि रोजचा अभ्यास यांना २४० किंवा २५६ जीबी पुरते. सिनेमे, लग्नाचे व्हिडिओ, गाणी जुन्या हार्ड डिस्कवर राहू द्या, तिला काढून फेकायची नाहीये. १२० जीबी स्वस्त दिसते, पण वर्षभरात भरते आणि गच्च भरलेली एसएसडी पुन्हा रडायला लागते. भावाचं मात्र आज लिहिलेलं उद्या खरं राहील याची खात्री नाही. २०२३ मध्ये साधी २४० जीबीची ड्राइव्ह दोन हजारांच्या आत मिळायची. नंतर जगभरातली एआयची डेटा सेंटर मेमरी चिप ओढायला लागली आणि २०२५ च्या शेवटी एसएसडी आणि रॅम दोन्हींचे भाव चढले. म्हणून आधी दोन-तीन ठिकाणी फोन करा, ऑनलाइन भाव बघा, मगच सुभाष रोडला चक्कर मारा. चढलेल्या भावातही हे काम नव्या लॅपटॉपच्या पैशांच्या जवळपासही जात नाही.

आणि हो, नाव न ऐकलेल्या कंपनीची दोन टीबीची एसएसडी हजार रुपयांत दिसली तर हात जोडा. आत छोटं मेमरी कार्ड घालून दोन टीबी असल्याचं खोटं सांगणाऱ्या ड्राइव्ह बाजारात असतात. फाइल कॉपी झाल्यासारखी दिसते आणि उघडायला गेलं की काहीच नाही. बिल आणि वॉरंटी असलेलीच घ्या.

‘एसएसडी लवकर खराब होते’ हीसुद्धा एक दंतकथा फिरते. एसएसडीवर किती डेटा लिहिता येईल याला मर्यादा असते, हे खरं. उदाहरण घ्या. किंगस्टनच्या ए-४०० या साध्या ड्राइव्हच्या २४० जीबी मॉडेलला कंपनी ८० टेराबाइट लिखाणाचा आकडा देते. तुम्ही रोज न चुकता २० जीबी लिहिलंत तर तिथं पोचायला जवळपास अकरा वर्षं लागतील. आपण रोज २० जीबी लिहीत नाही. नेटपॅकच तेवढा नसतो.

‘डी ड्राइव्हला ठेवलंय, सेफ आहे’

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी बॅकअप. आपल्याकडं एक समजूत पक्की बसलेली आहे, की सी ड्राइव्ह उडाला तरी डी ड्राइव्ह सुरक्षित असतो. विंडोज बिघडलं तर हे खरं आहे. पण सी आणि डी म्हणजे दोन डिस्क नव्हेत. एकाच वावरात बांध घालून केलेले ते दोन तुकडे आहेत. वावरच पुरात गेलं तर कुठला बांध वाचणार? जुनी डिस्क कटकट आवाज करत असेल, फाइल कॉपी होताना अडकत असेल, तर एसएसडीचा विचार नंतर, आधी डेटा बाहेर काढा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. निळा रंग ठीक, पिवळा म्हणजे आजच बॅकअप घ्या, आणि लाल दिसला तर वाचतोयस तो हा लेखही बाजूला ठेव.

काय काय काढायचं? डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे तिन्ही फोल्डर, कारण आपण सगळं डेस्कटॉपवर टाकतो आणि तो सी ड्राइव्हमध्येच असतो. जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रिमिलेअर, डोमिसाइल, टीसी, मार्कमेमो यांचे स्कॅन. सही आणि फोटोच्या त्या लहान केलेल्या फाइली, ज्या प्रत्येक फॉर्मला लागतात आणि ऐनवेळी सापडत नाहीत. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड. आणि मराठी टायपिंग करणाऱ्यांनी फॉन्ट विसरू नका. घरी कुणी जुन्या कृतिदेव किंवा श्रीलिपीत काम केलेलं असेल तर त्या फाइली फॉन्टशिवाय उघडल्यावर नुसती चिन्हं दिसतात. आजोबांचं आत्मचरित्र ‘’kCn’ असल्या लिपीत वाचायची वेळ येते.

हे सगळं पेनड्राइव्हवर, किंवा गुगल ड्राइव्हवर, शक्य झालं तर दोन्हीकडं. सरकारी कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये मिळत असतील तर तिथंही.

बसवण्याचं काम त्यामानानं फारच सोपं आहे. स्विच बंद करून पिन काढा. कॅबिनेटची बाजूची पत्री दोन स्क्रूवर असते. आत धुळीचा थर असेल, तो मऊ ब्रशनं काढा, ओल्या फडक्यानं नाही. कशालाही हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. एसएसडीला दोनच गोष्टी जोडायच्या, साटा डेटा केबल मदरबोर्डला आणि साटा पॉवर केबल एसएमपीएसला. दोन्ही इंग्रजी एल आकाराच्या असतात, उलट्या बसतच नाहीत, जोर लावू नका. एसएसडी हार्ड डिस्कपेक्षा लहान असते, तिच्यासाठी पत्र्याची किंवा प्लास्टिकची फ्रेम मिळते. नसली तरी अडत नाही, आत हलणारं काही नसल्यानं एका बाजूच्या दोन स्क्रूवरही ती गप बसते. एक केबल जास्तीची लागेल, ती एसएसडीबरोबर येतेच असं नाही, तेव्हा दुकानातच मागून घ्या.

आता विंडोज नव्यानं टाकायचं की जुनं आहे तसं एसएसडीवर कॉपी करायचं? कॉपीला क्लोनिंग म्हणतात, त्यात सगळं जिथल्या तिथं राहतं. पण दहा वर्षांचा कचराही जिथल्या तिथं राहतो. माझं मत विचाराल तर नव्यानं टाका. विंडोज १० अधिकृत असेल तर त्याचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो. डिस्क बदलली तरी तीच आवृत्ती टाकून नेट जोडलं की ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. दुसऱ्याचं लक्ष जात नाही अशी एक गोष्ट करा. विंडोज टाकताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. नाहीतर सुरुवातीच्या फाइली कधीकधी जुन्या डिस्कवरच जाऊन बसतात, आणि पुढं ती डिस्क काढली की पीसी उठतच नाही. शिवाय चुकून जुन्या डिस्कवर फॉरमॅट मारला जाण्याची भीतीही जाते. सगळं झालं की जुनी डिस्क परत जोडा आणि बायोसमध्ये जाऊन (डिलीट किंवा एफ-टू बटण) एसएसडी पहिल्या नंबरला ठेवा.

कॅबिनेट उघडलंच आहे तर अजून एक काम उरका. पीसी बंद करून चालू केला की तारीख २०१० वगैरे दाखवतो का? साइट उघडताना ‘तुमचं कनेक्शन खासगी नाही’ म्हणतो का? मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा सेल आहे, सीआर-२०३२ लिहिलेला. तो संपलाय. घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

वेगाचं काम झालं, तरी एक प्रश्न एसएसडी सोडवत नाही. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. घरगुती पीसीसाठी नोंदणी करून सुरक्षा अपडेट मिळण्याची जादा मुदत जाहीर केली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, आपला २०१२ चा पीसी त्या यादीत येत नाही. अपडेट नसलेल्या पीसीवर बँकेचे व्यवहार करणं शहाणपणाचं नाही. मग?

मग लिनक्स. नाव ऐकून घाबरू नका, तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच आहे. केरळच्या सरकारी शाळांमधले संगणक कित्येक वर्षं उबुंटूवर बेतलेल्या लिनक्सवर चालतात आणि तिथली सातवी-आठवीची पोरं ते सहज वापरतात. लिनक्स मिंट हे त्यातलं आपल्याला सोपं जाणारं रूप, दिसायला बरंचसं विंडोजसारखं, पूर्ण मोफत आणि चार जीबी रॅमवर व्यवस्थित. पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, पीसीला हात न लावता. ब्राउझर चालतो म्हणजे महाडीबीटी, यूट्यूब, गुगल डॉक्स सगळं चालतं. इन्स्क्रिप्टचा मराठी कीबोर्डही आहे. अडतं कुठं? टॅली, टायपिंग परीक्षेच्या सरावाची विंडोजवालीच सॉफ्टवेअर, काही जुने प्रिंटर. शिवाय वर्डमध्ये केलेला तक्ता लिब्रेऑफिसमध्ये उघडला की कधीकधी रांगा हलतात, प्रोजेक्ट जमा करण्याआधी पीडीएफ करून बघायचं. घरातल्या पीसीवर हिशेबाचं काम चालत असेल तर एसएसडीचे दोन भाग करून दोन्ही ठेवता येतात. विंडोज हिशेबाला, नेट लिनक्सवर.

लाइटचं सांगितल्याशिवाय आपल्याकडं कुठलाच लेख पूर्ण होत नाही. एसएसडी आहे म्हणून लाइट गेल्यावर काही होत नाही, असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धवट फाइल इथंही बिघडू शकते. छोटा यूपीएस हवाच, निदान फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरता. फायदा वेगळाच आहे. दिवसातून चार वेळा लाइट जाऊन आली तर जुन्या डिस्कवर चार वेळचे तीन-तीन मिनिटं जायची, आता अर्धं-अर्धं मिनिट. भारनियमनाच्या वेळापत्रकात मिळालेल्या दोन तासांत हे फार असतं. वीजबिल वाचतं म्हणून एसएसडी विकणाऱ्याला मात्र लांबूनच रामराम करा, पाच-सहा वॉटचा फरक मीटरला जाणवतसुद्धा नाही. गेमवाल्यांसाठीही एक ओळ. गेम लवकर उघडेल, पण अडकत चालणारा गेम एसएसडीनं सुरळीत होत नाही, तिथं ग्राफिक्स कार्ड लागतं.

आपल्याकडं दसरा-दिवाळीनंतर कित्येक घरांना कुलूप लागतं, घरातली माणसं तोडीला जातात आणि पाडव्याच्या आसपास परत येतात. पीसी पाच-सहा महिने बंद. एसएसडीत डेटा विजेच्या बारीक भारात साठवलेला असतो आणि वर्षानुवर्षं वीज न मिळाल्यास तो हळूहळू उतरू शकतो. पण चांगल्या स्थितीतल्या ड्राइव्हला पाच-सहा महिने काहीच नाहीत. फक्त लग्नाचे, बारशाचे फोटो एसएसडीवर टाकून ती कपाटात वर्षानुवर्षं ठेवण्याची वस्तू नाही. त्यासाठी जुनी हार्ड डिस्क अजूनही बरी, तब्येत ठीक असेल तर. एसएसडी जाते तेव्हा बहुतेकदा आवाज न करता, एकदम जाते, आणि तिच्यातून डेटा परत काढणं कठीण असतं.

हे सगळं कुणी करू नये तेही सांगते. पेंटियम फोरच्या काळातला, रुंद पट्टीची आयडीई केबल असलेला पीसी असेल तर त्याच्यावर पैसे घालू नका. बोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले असतील, मध्येच पीसी आपोआप बंद पडत असेल, तर आधी ते कारण शोधा. एसएसडी तशीही पुढच्या पीसीत नेता येते, पण मेलेल्या बोर्डला ती जिवंत करत नाही. ज्यांच्याकडं कोअर टू ड्युओ आहे त्यांनी अपेक्षा बेतात ठेवाव्यात. टायपिंग, फॉर्म, पीडीएफ, हे होईल. यूट्यूबचा फुल एचडी व्हिडिओ आणि त्याच वेळी दहा टॅब, हे नाही.

राहिली जुनी डिस्क. खराब असेल आणि भंगारात द्यायची असेल, तर थांबा. नुसता फॉरमॅट मारला म्हणजे डेटा गेला असं होत नाही. झटपट फॉरमॅटमध्ये फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, धडे तिथंच असतात. तुमच्या घरच्यांचे आधार, बँक पासबुकाचे स्कॅन, बहिणीचे फोटो, सगळं कुणीही मोफत सॉफ्टवेअरनं परत काढू शकतं. डिस्क चालू असेल तर फॉरमॅट करताना ‘क्विक फॉरमॅट’वरची खूण काढा. काही तास लागतील, लागू द्या, तेव्हा सगळ्या जागेवर शून्यं लिहिली जातात. सी आणि डी, दोन्ही भागांवर. चालतच नसेल तर उघडून चकत्यांवर खिळ्यानं चांगल्या रेघा ओढा, काचेच्या चकत्याही असतात, तेव्हा डोळ्यांना जपा. आणि मगच ती भंगारवाल्याच्या तराजूत नको, ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या.